बाकावरचा दांडा आणि पिंपळाचा पार

धागाकर्ता, जळगाव
आमच्या वसाहतीतील उद्यानात यंदा लोखंडी बाक आले. प्रत्येकाच्या मधोमध दांडा आणि सगळे भर उन्हात. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या आपल्या जिल्ह्यात दिवस मावळेपर्यंत त्यांवर टेकवत नाही. त्यामुळे उद्यान ओस पडते आणि कुंपणाबाहेर पिंपळाच्या पारावर मात्र भाजीवाल्या, शाळकरी मुले, पेन्शनर असे सगळे दाटीने बसलेले असतात. लोकांना उद्यानाची कदर नाही, असे म्हणणे मला पटत नाही. जागाच त्यांना उठवते.

निवृत्त शिक्षक, भुसावळ
दांडे कोणी हौसेने बसवत नाही. आमच्याकडे सलग बाकांवर दुपारपासून दारुडे आडवे पडत, म्हणून महिलांनीच दांड्यांची मागणी केली होती. पार शिस्तीत राहतो, तो मुंजाच्या धाकाने म्हणा किंवा समोरच्या चहावाल्याच्या नजरेने. त्यात रचनेचे श्रेय काय?

धागाकर्ता
सर, चहावाल्याला पार दिसतो, हीच रचना! न्यूयॉर्कचे ब्रायंट पार्क उंच झुडपांच्या कुंपणाआड अमली पदार्थ विकणाऱ्यांचा अड्डा झाले होते. कुंपण हटवून, प्रवेशमार्ग वाढवून आणि हलवता येतील अशा खुर्च्या ठेवून ते १९९२ मध्ये पुन्हा उघडले, तेव्हा तेथे सामान्य माणसे बसू लागली.

एक वाचक, धुळे
तेथे स्वतंत्र व्यवस्थापन आणि पहाराही आहे, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. आमच्याकडे त्या खुर्च्या सकाळी भंगारात सापडतील. इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने १८१९ मध्ये खानदेशचे मुख्य ठाणे धुळ्यास आणले आणि पुढे नव्या पेठेचे रस्ते सरळ आखले गेले, म्हणून आमची वाहतूक सरळ झाली असे काही दिसत नाही.

निवृत्त शिक्षक, भुसावळ
अगदी माझे म्हणणे. झाडणारा आणि हटकणारा माणूस आधी नेमा, नकाशे नंतर काढा.

गृहिणी, अमळनेर
सर, दांड्यांची मागणी करणाऱ्यांत मीही असते, पण अनुभव वेगळा आला. दारुड्याला दांडा नडत नाही, तो गवतावर पसरतो. नडतो तो माझ्या सासूबाईंना, कारण नातवाला शेजारी निजवून बसायला त्यांना जागा उरत नाही. संध्याकाळी आम्ही बायका बाक पाहून नव्हे, तर फाटकाजवळचा दिवा लागला आहे की नाही, हे पाहून आत जातो. निंबाखाली दोन सलग ओटे बांधावेत आणि तेथून फाटक दिसावे, एवढे करून पाहायला किती खर्च येईल?