राजकारणावरचे 'ॲडव्हान्स्ड' इंग्रजी शब्द पाठ करून काही उपयोग होतो का? (चर्चा)

पॉलिटीवाला

स्पर्धा परीक्षेच्या पोरांना राज्यघटना शिकवतो मी. एमपीएससीची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली तेव्हापासून अभ्यासिकांमध्ये एकच झेरॉक्स फिरतेय, 'राजकारण आणि शासनाचे ॲडव्हान्स्ड इंग्रजी शब्द', डावीकडे शब्द, उजवीकडे एका ओळीत अर्थ, आणि पोरं रात्र रात्र जागून ते घोकतायत. माझं स्पष्ट मत आहे की हे बंद करा. इंग्रजी शब्द नकोत असं नाही, हवेतच, पण शब्द एखाद्या खऱ्या प्रकरणातून शिका, नाहीतर चुकीचा शिकाल.

आता इम्पीचमेंट घ्या. त्या झेरॉक्समध्ये अर्थ दिलाय 'पदावरून हटवणे'. साफ चूक. ट्रम्प यांचं २०१९ आणि २०२१ असं दोनदा इम्पीचमेंट झालं आणि दोन्ही वेळा सिनेटने त्यांना निर्दोष सोडलं, क्लिंटन यांचंही तसंच. अमेरिकेत खालचं सभागृह ठेवतं तो आरोप, निकाल वरच्या सभागृहाचा, म्हणजे सिनेटचा. आपल्या घटनेत तर हा शब्द राष्ट्रपतींच्याच बाबतीत येतो, कलम ६१. न्यायाधीशांसाठी घटनेत 'रिमूव्हल' आहे, पेपरवाले महाभियोग लिहितात ती गोष्ट वेगळी. १९९३ ला न्या. रामस्वामींवरचा प्रस्ताव लोकसभेत पडला कारण काँग्रेसचे खासदार मतदानाला तटस्थ राहिले. हे प्रकरण एकदा नीट वाचलं की शब्द आयुष्यभर विसरत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या पुण्यातलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. 'प्रोमल्गेट' म्हणजे अध्यादेश काढणे, एवढंच पोरांना माहीत. गोखले इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. डी. सी. वाधवा नावाचे संशोधक होते. त्यांनी बिहारचे अध्यादेश काढून तपासले तर १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ अध्यादेश निघालेले. अधिवेशन सुरू झालं की सहा आठवड्यांत अध्यादेश संपतो, हा नियम. बिहारमध्ये काय करायचे, अधिवेशन संपलं की तोच अध्यादेश जसाच्या तसा परत काढायचे, असं करत काही अध्यादेश १४ वर्षांपर्यंत जिवंत ठेवले. विधानसभेत विधेयक आणायचंच नाही. वाधवा सुप्रीम कोर्टात गेले, डिसेंबर १९८६ मध्ये न्या. भगवतींच्या घटनापीठाने याला घटनेशी केलेली फसवणूक म्हटलं आणि वाधवांना खर्चापोटी १०,००० रुपये द्यायला बिहार सरकारला सांगितलं. आता हे वाचलेल्या पोराला 'रीप्रोमल्गेशन', 'कलरेबल' (वरून कायदेशीर दिसणारं), 'फ्रॉड ऑन द कॉन्स्टिट्यूशन' यातलं काही पाठ करावं लागेल का?

तुमचं मत सांगा, विरोधी असेल तरी चालेल.

गावाकडची_अभ्यासू

सर आदर ठेवून विरोध करते. तुम्ही सांगितलेली दोन्ही उदाहरणं प्रक्रियेतल्या शब्दांची आहेत, त्यांना प्रकरण असतं. पण इंग्रजी पेपरचं संपादकीय उघडलं की अडतं ते तिथे नाही अडत, अडतं ते 'स्कटल', 'रिसिंड', 'कंटेन्शस', 'एक्स्पीडियंट', 'अपीज', 'ब्रेझन' असल्या शब्दांवर, त्यांचं कुठलं प्रकरण शोधू मी? झेडपीच्या शाळेत शिकलेय, बारावीपर्यंत इंग्रजीचा तास म्हणजे धड्याखालची प्रश्नोत्तरं. पहिल्यांदा संपादकीय वाचायला घेतलं तेव्हा अर्ध्या पानात दम लागला आणि पेपर बाजूला ठेवला. यादी हातात आली तेव्हा कुठे धीर आला. ज्यांच्या घरात इंग्रजी पेपर लहानपणापासून येतो त्यांना याद्यांची गरज नाही हे मान्य, पण मग आम्ही काय करायचं, दोन वर्षं नुसतं वाचत बसायचं? वय आणि घरचे पैसे दोन्ही संपतात हो.

पॉलिटीवाला

@गावाकडची_अभ्यासू ताई, तुमची अडचण खरी आहे आणि ती मी रोज बघतो, म्हणूनच लिहितोय. 'रिसिंड' घ्या, म्हणजे काढलेला आदेश स्वतःच मागे घेणं. २०१५ ला जमीन अधिग्रहणाचा अध्यादेश केंद्राने पुन्हा पुन्हा काढला आणि शेवटी मुदत संपू दिली. तो 'रिसिंड' झाला का? नाही, 'लॅप्स' झाला. २०२१ ला तीन कृषी कायदे मागे घेतले ते 'रिपील' झाले, त्यासाठी संसदेत वेगळा कायदा करावा लागला. यादीत या तिन्हींसमोर 'रद्द' हा एकच शब्द असतो. मग उत्तरात पोरं लिहितात की सरकारने अध्यादेश रिपील केला, आणि तपासणाऱ्याला तिथेच कळतं की याला विषय माहीत नाही. धीर येतो म्हणता तो खोटा धीर आहे, माझं भांडण त्याच्याशी आहे.

विदर्भाची_वकील

मला मुळात 'ॲडव्हान्स्ड' या शब्दालाच हरकत आहे. इंग्रजी म्हणजे वरचं आणि मराठी म्हणजे खालचं हे कुणी ठरवलं? नागपूरला हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा गॅलरीत बसून दोन तास कामकाज ऐका. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, स्थगन प्रस्ताव, हरकतीचा मुद्दा, औचित्याचा मुद्दा, पुरवणी मागण्या, कपात सूचना, विनियोजन विधेयक, हक्कभंग, तालिका अध्यक्ष, सभात्याग, "दोनशे त्र्याण्णवची (नियम २९३ खालची) चर्चा लावा". अख्खं सभागृह मराठीत चालतं, दशकानुदशकं चालतंय, कुठे काही अडलेलं नाही. अन् आमची पोरं 'ॲडजर्नमेंट मोशन' पाठ करतात आणि स्थगन प्रस्ताव म्हणजे काय विचारलं की गप्प! कपात सूचना विचारा, मागणी एक रुपयावर आणली तर धोरणाला विरोध, शंभर रुपयांनी कमी केली तर एखाद्या ठराविक तक्रारीसाठी, हे कुणालाच सांगता येत नाही. आधी आपल्या सभागृहाची भाषा शिका. यूपीएससीची मुख्य परीक्षाही मराठीत देता येते, मुलाखतही मराठीत देता येते. इंग्रजीचा पेपर आहे तो फक्त पात्रतेपुरता.

खरं_सांगू_का

वकीलताईंना शंभर टक्के अनुमोदन. आणि एक पुढची गोष्ट. हे मोठे मोठे शब्द लोकांना कळू नये म्हणूनच वापरतात. आमदार फुटला तर 'डिफेक्शन', हॉटेलात डांबून ठेवले तर 'रिसॉर्ट पॉलिटिक्स', टीव्हीवर चार तज्ज्ञ बसतात आणि 'रिअलाइनमेंट' म्हणतात. आमच्या पारावर सरळ म्हणतात विकला गेला. १९६७ ला हरियाणात गयालाल नावाच्या आमदाराने पंधरा दिवसांत तीनदा पक्ष बदलला आणि 'आयाराम गयाराम' देशभर झालं, अजूनही शाळकरी पोराला कळतं. त्याऐवजी तुम्ही पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची न् डिसक्वालिफिकेशन म्हणत बसा, सामान्य माणूस तिथेच चॅनल बदलतो.

पॉलिटीवाला

@विदर्भाची_वकील तुमच्या यादीतला प्रत्येक शब्द मी वर्गात मराठीतच शिकवतो, तिथे आपलं भांडण नाही. पण तुम्ही स्वतः वकील आहात, सुप्रीम कोर्टाचा निकाल कुठल्या भाषेत येतो?

महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाचा ११ मे २०२३ चा निकाल घ्या. आपल्या राज्याचं सरकार गेलं आणि आलं त्याबद्दलचा निकाल, मराठी माणसाच्या इतका जवळचा दुसरा निकाल नसेल. कोर्टाने त्यात म्हटलं की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली ती समर्थनीय नव्हती. हे वाचून लोकांना वाटलं मग जुनं सरकार परत येणार. पुढचं वाक्य होतं की 'स्टेटस को अँटे' आणता येणार नाही, कारण ठाकरेंनी बहुमत चाचणीला सामोरं न जाता २९ जून २०२२ लाच राजीनामा दिला होता. म्हणजे पूर्वीची स्थिती परत आणता येत नाही. आणि नुसतं 'स्टेटस को' म्हणजे आहे ती स्थिती ठेवा. एका छोट्या शब्दाचा फरक, अर्थ एकदम उलटा. त्या दिवशी लोक चहाच्या टपरीवर दोन्ही एकच समजून भांडत होते.

त्याच निकालात व्हिपचा, म्हणजे आमदारांना पक्षाचा आदेश देणाऱ्या प्रतोदाचा मुद्दा. प्रतोद कोण नेमणार, विधिमंडळ पक्ष की मूळ राजकीय पक्ष? कोर्ट म्हणालं राजकीय पक्ष, आणि अध्यक्षांनी शिंदे गटाच्या गोगावलेंना प्रतोद म्हणून दिलेली मान्यता बेकायदा ठरवली. 'पोलिटिकल पार्टी' आणि 'लेजिस्लेचर पार्टी' यातला फरक ज्याला इंग्रजीत कळत नाही तो हा निकाल वाचूच शकत नाही, मग तो कुणीतरी त्याच्यासाठी वाचणार आणि आपल्या सोयीने सांगणार. @खरं_सांगू_का दादा, तुमच्या मुद्द्याला हेच माझं उत्तर. शब्द सोडून दिले तर फायदा कुणाचा होतो ते बघा. 'विकला गेला' म्हटल्याने राग निघतो, पण तो अपात्र होणार का हे दहाव्या अनुसूचीतूनच कळतं, १९८५ ला एक तृतीयांश फुटले तर चालायचं, २००३ च्या दुरुस्तीने ते काढलं, आता दोन तृतीयांश आणि तेही विलीनीकरण असेल तरच.

विदर्भाची_वकील

निकाल इंग्रजीत येतो हाच तर अन्याय आहे ना सर, त्यावर उपाय म्हणून पोरांनी इंग्रजी घोकायचं हे मला पटत नाही. सुप्रीम कोर्ट आता काही निकालांची भाषांतरं मराठीतही टाकतं, ती मागणी वाढवा. कायद्याचं मराठी बोजड आहे असं सगळे म्हणतात, वापरलंच नाही तर बोजडच राहणार. कोरम शब्द बघा, तुमच्या हिशोबाने ॲडव्हान्स्ड इंग्रजी, पण सोसायटीच्या सभेत, ग्रामसभेत 'कोरमअभावी तहकूब' म्हणायला कुणाला यादी लागली नाही. वापरात असलेला शब्द आपोआप आपला होतो.

पॉलिटीवाला

कोरमचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे ताई, लोक तो सभेत बसून शिकले.

थेम्सकाठचा

इकडे लंडनला नोकरी करतो, एक वेगळा मुद्दा टाकतो. याद्यांमध्ये कुठलाच शब्द कुठल्या देशाचा ते लिहिलेलं नसतं, आणि हा सगळ्यात मोठा घोळ आहे. ब्रिटनमध्ये आणि भारतात प्रस्ताव 'टेबल' केला म्हणजे सभागृहापुढे मांडला, तुमच्या मराठीत पटलावर ठेवला. अमेरिकेत 'टेबल' केला म्हणजे बाजूला सारला! चर्चिलने दुसऱ्या महायुद्धातल्या आठवणींत लिहिलंय की यावरून ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांचा लांबलचक वाद झाला, दोघांनाही विषय महत्त्वाचाच वाटत होता तरी. 'प्रोरोग' शब्द तर इथल्या लोकांनाही २०१९ पर्यंत माहीत नव्हता, बोरिस जॉन्सनने पाच आठवडे संसद स्थगित केली आणि २४ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाच्या ११ न्यायाधीशांनी एकमताने ते बेकायदा ठरवलं, त्या महिन्यात बसमध्ये शेजारी बसलेली आजीसुद्धा प्रोरोगेशनवर बोलत होती. म्हणून सरांशी सहमत. फक्त सर, प्रकरणातून शिकायला प्रकरण समजावून सांगणारा कुणीतरी लागतो, झेरॉक्सला तो लागत नाही, म्हणून झेरॉक्स खपते. अभ्यासू ताईंचं म्हणणं एवढ्या सहज बाजूला सारू नका.

गावाकडची_अभ्यासू

धन्यवाद दादा, हेच म्हणायचं होतं. सर, तुमच्या वर्गात बसणाऱ्याला वाधवांची गोष्ट मिळते. आमच्या तालुक्यात अभ्यासिका आहे पण शिकवणारं कुणी नाही. मला झेरॉक्स वाईट आहे म्हणून सांगण्यापेक्षा त्याच झेरॉक्समध्ये प्रत्येक शब्दासमोर दोन ओळी प्रकरणाच्या लिहून का देत नाही कुणी? तोपर्यंत मी यादी सोडणार नाही. आणि लगेच एक विचारते, 'जेरीमँडरिंग' समोर लिहिलंय 'मतदारसंघांची अन्याय्य पुनर्रचना'. डोक्यात काहीच येत नाही.

पॉलिटीवाला

दोन ओळींचं काम मी घेतो, पहिले पन्नास शब्द याच धाग्यात टाकेन, चूक दिसली तर सगळ्यांनी दुरुस्त करा.

जेरीमँडरिंग: १८१२, अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स. गव्हर्नर एल्ब्रिज जेरी यांनी आपल्या पक्षाच्या फायद्यासाठी आखलेल्या मतदारसंघांच्या विधेयकावर सही केली. त्यातला एक मतदारसंघ नकाशावर सॅलॅमँडर या सरड्यासारख्या दिसणाऱ्या प्राण्यासारखा वाकडातिकडा होता, वर्तमानपत्राने त्याला पंख आणि नख्या काढून चित्र छापलं आणि नाव ठेवलं जेरीमँडर. विरोधकांची मतं एकाच मतदारसंघात कोंबायची किंवा चार ठिकाणी फोडून विखरायची, या दोन युक्त्या. महापालिकेची प्रभाग रचना जाहीर झाली की 'आमची वस्ती मधोमध तोडली' म्हणून जी ओरड होते ती आठवा, लगेच कळेल.

खरं_सांगू_का

बघा, शेवटी प्रभाग रचना म्हटलं तेव्हाच कळलं ना, मग तेच म्हणा.

विदर्भाची_वकील

नाही, इथे मी दोघांनाही अडवते. प्रभाग रचनेला थेट जेरीमँडरिंग म्हणू नका. आपल्याकडे लोकसभा-विधानसभेच्या सीमा परिसीमन आयोग ठरवतो, त्याच्या आदेशाला कोर्टात आव्हान देण्यावर घटनेचं बंधन आहे. प्रभागांचं प्रारूप निघतं, हरकती-सूचना मागवतात, सुनावणी होते. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत विधिमंडळातला बहुमतवाला पक्षच रेषा मारतो. दोन्ही एक म्हटलं की पोरगी उत्तरात तसंच लिहून येईल.

पॉलिटीवाला

हरकती मागवतात हे खरं, पण मार्च २०२२ मध्ये प्रभाग रचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून राज्य सरकारने स्वतःकडे घेतले, आणि दोन्ही बाजूंच्या पक्षांनी ते विधेयक एकमताने मंजूर केलं. रेषा मारणारा हात कुणाचा, हाच जेरीमँडरिंगचा गाभा आहे. तुलना पूर्ण लागू होत नाही, एवढी तिसरी ओळ जोडतो. त्याहून जास्त मागे हटणार नाही.

विदर्भाची_वकील

जोडा. आणि त्या ओळीत 'परिसीमन' शब्द आला पाहिजे, 'डिलिमिटेशन' नाही.