मदत हवी आहे: हिज्कीयाच्या बोगद्यातले दोन गट एकमेकांना भेटले कसे?

नमस्कार मंडळी. रविवारी चर्चच्या तरुण गटासमोर मला यरुशलेममधल्या हिज्कीयाच्या (बायबलमधला यहूदाचा राजा) बोगद्यावर बोलायचंय. गीहोन झऱ्याचं पाणी शिलोह तळ्यापर्यंत नेणारा हा बोगदा सुमारे ५३३ मीटर लांब, अखंड खडकातून खोदलेला. आतला कोरीव लेख १८८० साली सापडला, आता तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. त्यात वर्णन आहे: दोन्ही टोकांकडून खोदणारे गट, तीन हात खडक उरला असताना ऐकू आलेली पलीकडच्यांची हाक... वाचताना काटा येतो. गंमत म्हणजे लेखात राजाचं नावच नाही! बायबलमध्ये, २ राजे २०:२० मध्ये मात्र हिज्कीयाने पाणी शहरात आणल्याचं स्पष्ट आहे.

माझं घोडं अडलंय ते इथे: बोगदा सरळ नाही, चांगला नागमोडी आहे. मग होकायंत्राशिवाय ते भेटले कसे? खडकातल्या नैसर्गिक भेगेच्या मागाने गेले, की वरून ठोकून दिशा दाखवली? एवढ्या लांबीत उतारही जेमतेम ३० सेंटीमीटर!

कुणी भूगर्भशास्त्र शिकलेलं किंवा तिथे पाण्यातून चालून आलेलं असेल तर सोप्या भाषेत सांगाल का? आतले फोटो असतील तर तेही टाका, प्लीज.