क्लबहाऊसमधलं विमान

बी-६०३ : नमस्कार मंडळी. मेंटेनन्सचा विषय नाही, घाबरू नका. पुढच्या महिन्यात भावाचं लग्न आहे नागपूरला. चिनूला पहिल्यांदाच विमानाने नेतोय. तो ऑटिस्टिक आहे, ७ वर्षांचा, बऱ्याच जणांना माहीत आहेच. मिक्सर लावला तरी कान झाकून घेतो. कुणाला अनुभव?

ए-२०१ : अगं, रेल्वेने जा की. रात्री झोपला की सकाळी नागपूर. उगाच पोराला त्रास.

बी-६०३ : काका, दोनदा गेलो रेल्वेने. तो रात्रभर डब्यात येरझाऱ्या घालतो आणि आम्ही त्याच्या मागे.

सी-१०२ : सर्दीचं औषध द्यायचं थोडं. आमचा नातू मस्त झोपायचा.

डी-४०२ : काकू, हे कृपा करून नको. काही मुलं त्याने उलट जास्तच उसळतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही नाही.

ताई, माझी लेक आता १४ ची आहे. पहिल्या वेळी आम्ही विमानाचे व्हिडिओ दाखवून दाखवून तिला तयार केलं. विमानाचं तिला काहीच वाटलं नाही! घोळ झाला सिक्युरिटीला. तिची कापडी हत्तीण पट्ट्यावरून मशीनमध्ये गेली आणि हिने टाहो फोडला. तिच्या लेखी हत्तीण गेली ती गेलीच.

पुढच्या वेळी खोक्याची दोन्ही टोकं कापून बोगदा केला. रोज संध्याकाळी हत्तीण इकडून आत, तिकडून बाहेर. पंधरा दिवस. हेडफोनही ट्रेमध्ये जातात, म्हणजे ऐन गोंगाटात कान उघडे. त्याचीही सवय करा. आणि बायकांची रांग वेगळी, तपासणी पडद्याआड. चिनू कुणाबरोबर जाणार ते घरीच ठरवा.

बी-६०३ : बापरे. मी ढगांची चित्रं काढत बसले होते.

डी-४०२ : ढग असू देत. फक्त "मज्जा येणार" असं सांगू नका, काय काय होणार ते क्रमाने सांगा. चित्रांची पट्टी करा, आणि त्यात 'वाट बघायची' हे एक कार्ड जादा ठेवा. विमान लेट झालं की मध्ये घुसवायला. आमच्या लेकीला बदल चालतो, पण तो पट्टीवर आला तर.

एअरलाइनला किमान ४८ तास आधी कळवा. डीपीएनए असा कोड असतो, बौद्धिक किंवा विकासात्मक अपंगत्व असलेल्या प्रवाशासाठी. तो बुकिंगवर टाकून घ्या. तरीही कुणीतरी व्हीलचेअर घेऊन येईलच, गोड बोलून परत पाठवायची. युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, हाताशी असू द्या.

ए-७०४ : माझ्या बहिणीने बेंगळुरूच्या विमानतळावर भाच्यासाठी सूर्यफुलांची हिरवी पट्टी घेतली होती, गळ्यात घालायची. वरून न दिसणारं अपंगत्व आहे हे स्टाफला न सांगता कळतं.

डी-४०२ : हो, तीच. लंडनच्या गॅटविकला २०१६ मध्ये सुरू झाली. अजून एक, कान चढताना कमी आणि उतरताना जास्त दुखतात. चघळायचा खाऊ शेवटच्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवा. आणि टॉयलेटचा फ्लश भयानक आवाज करतो, बाहेर पडल्यावर तुम्ही दाबा.

सेक्रेटरी : शनिवारी ५ वाजता क्लबहाऊस रिकामं आहे. खुर्च्या तीन-तीनच्या रांगेत लावून देतो, मध्ये वाट. कोविडमधली ताप मोजायची बंदूक गेटवर धूळ खातेय, तपासणीला तीच.

ए-२०१ : तपासायला मी उभा राहतो.

बी-६०३ : काका, तो घरच्यांशिवाय कुणाला हात लावू देत नाही...

डी-४०२ : म्हणूनच काका हवेत. तिथला जवानही अनोळखीच असणार. पहिल्या दिवशी लांबूनच, बंदूक न लावता.

ए-२०१ : चालेल. बोलायचं काय?

बी-६०३ : फक्त "हात वर". बाकी काही नाही. आणि अत्तर नको, वासाने बिथरतो.

ए-२०१ : अत्तर कुठलं या वयात. गुडघ्याला बाम लावतो, तो चालेल का?