बाळंतीण मांजर आणि तिची पिल्लं घरी सांभाळलीत? अनुभव लिहा

मांजर व्यायली की सगळ्यांचं लक्ष पिल्लांकडे जातं. मला इथे आईबद्दलही भरपूर वाचायचंय. मांजरीला पिल्लांसह काही आठवडे घरात ठेवून, मोठं करून, मग कायमचं घर बघून देणं ज्यांनी ज्यांनी केलंय, त्यांनी आपापले अनुभव लिहा. तिला कुठे ठेवलंत, काय खाऊ घातलंत, रात्री कशानं झोप उडाली, व्हेटकडे कधी पळावं लागलं. बारीकसारीक गोष्टीही लिहा, पहिल्यांदा सांभाळणाऱ्याला त्याच लागतात.

सुरुवात मी करते. आमच्याकडे पट्ट्यापट्ट्यांची करडी मांजरी आली तेव्हा तिची पिल्लं अगदी ताजी होती. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, पोटाला नाळेचं वाळकं टोक. आतल्या खोलीत मोठा पुठ्ठ्याचा खोका ठेवला आणि एका बाजूला इतकाच कापला, की ती सहज ओलांडेल पण पिल्लं बाहेर येणार नाहीत. आत जुनी सुती चादर. टॉवेल मुद्दाम टाळला, कारण एवढ्याशा पिल्लांना नखं आत घेता येत नाहीत, ती टॉवेलच्या दोऱ्यांत अडकतात. खाणं, पाणी, लिटरचा ट्रे सगळं त्याच खोलीत, कारण सुरुवातीला ती पिल्लांना सोडून लांब जातच नाही.

आणि खाणं! दूध पाजणारी मांजर एरवीच्या दुप्पट, कधी त्याहूनही जास्त खाते. तिला आम्ही पिल्लांसाठी मिळतं तेच खाणं द्यायचो, त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम जास्त असतं. वाटी रात्रीसुद्धा रिकामी राहू द्यायची नाही. तिचं पोट भरलेलं असलं की पिल्लांचं ती बघते.

*

मी रोज वजन करते, आणि हे मी सगळ्यांना कळकळीनं सांगते. ग्रॅममध्ये दाखवणारा डिजिटल काटा, त्यावर एक खोलगट भांडं, आत मऊ फडकं. जन्मतः पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं असतं, रोज १० ते १५ ग्रॅम वाढतं आणि दोन आठवड्यांत जवळपास दुप्पट होतं. डोळ्यांना सगळी पिल्लं सारखीच गुबगुबीत दिसतात. काटा मात्र खरं सांगतो.

एका वेतात एक काळं-पांढरं पिल्लू होतं, त्याचा आकडा जागचा हलेना. मी बराच वेळ नुसती बसून बघितलं. प्रत्येक पिल्लाचा सड हळूहळू ठरून जातो. याचाही ठरला होता, पण शेजारचा धटिंगण त्याला खांद्यानं ढकलून तिथे घुसायचा. हे बिचारं आईच्या पोटावर तोंड घासत फिरायचं आणि दमून झोपायचं. हातात घेतलं तर पाय गार. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजायचं नाही, ते त्याला पचत नाही. आधी ऊब. मी त्याला कपड्यांच्या आत छातीशी धरलं, अंग कोमट झालं तसे तडक व्हेटकडे गेलो. तिथे मांजरीच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर मिळाली आणि पाजायची पद्धत नीट दाखवली: पिल्लू पोटावर, मान किंचित वर, उताणं कधीच नाही, नाहीतर दूध फुप्फुसात जातं. गाईचं दूध चालत नाही.

घरी आल्यावर वरचं दूध, आणि शिवाय धटिंगणाचं पोट भरलं की त्याला बाजूला करून याला सडाला लावायचं. तेव्हा ते जसं प्यायला लागलं! दोन्ही गुलाबी पंजे सडाच्या दोन्ही बाजूंना आलटूनपालटून दाबायचे, कान प्रत्येक घोटाला हलायचे, ओठांच्या कडेला दुधाचा फेस. काट्यावरचा आकडा सरकला तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना उठवून सांगितलं.

*

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. आमचीनं कपाट, पलंगाखालची जागा, पुस्तकांच्या मागचा कोपरा सगळं बघितलं. एकेकाला मानेला धरून नेताना तिचे दात त्यांना जराही लागत नव्हते. उजेड, आवाज, येणारेजाणारे, ओली चादर, यांतलं काहीतरी तिला खटकत असतं. आम्ही दोन खोके ठेवले, एकावर जाड कापड टाकून अंधार केला, पाहुणे बंद केले. चादर बदलताना अर्धीच बदलायची, म्हणजे तिचा वास शिल्लक राहतो. मग ती थांबली.

*

माझ्याकडची आई माणसांना फार घाबरायची. दार उघडलं की फिस्कारायची, पंजा उगारायची. मी तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचो आणि हळू आवाजात काहीतरी वाचत राहायचो. हात लावायचा नाही, नजर रोखायची नाही. ती जेवायला उठली की तेवढ्यात पिल्लांचं वजन. पुढे ती माझ्यासमोर डोळे अर्धवट मिटून पाजायला लागली, आणि मला तेवढं पुष्कळ होतं.

घरात आधीची मांजरं असतील तर एक सांगतो. नव्या आईची खोली पूर्ण वेगळी ठेवा, भांडी वेगळी, आत जाऊन आलात की हात धुवा, कपडे बदला. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू कपड्यांवरून, चपलांवरूनही पोचतो आणि लहान पिल्लं त्यातून क्वचितच वाचतात.

*

वर खाण्याबद्दल लिहिलंय, त्याला जोडून आईच्या तब्येतीबद्दल. रोज सड हातानं बघा. एखादा कडक, लाल, तापलेला लागला, ती पिल्लांना जवळ येऊ देत नसली, तर त्याच दिवशी व्हेट. आणि ती धापा टाकायला लागली, थरथरली, पाय ताठ करून चालायला लागली, तर रात्र असली तरी निघा. दूध पाजून पाजून रक्तातलं कॅल्शियम उतरतं, त्यात जीव जाऊ शकतो. आमची वेळेवर पोचली म्हणून वाचली. माणसांची औषधं देऊ नका. पॅरासिटामॉल मांजरीला विष आहे.

*

आमच्या मांजरीला तिच्याच पिल्लांच्या वयाचं एक पोरकं पिल्लू लावलं होतं. आधी तिच्या चादरीवर घोळवलं, मग ती पाजत असताना मागून अलगद ठेवलं. तिनं हुंगलं आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत चाटून काढलं. पहिले तीन आठवडे पिल्लांना शी-शूसुद्धा आपली आपण होत नाही, तिच्या चाटण्यानं होते. त्या पोरक्या पिल्लासाठी ओला कापूस घेऊन मी तयार होते, त्याची गरजच पडली नाही.

*

मी शेवटच्या टप्प्याबद्दल लिहितो. दुसऱ्या आठवड्यानंतर पिल्लांना रोज थोडा वेळ हातात घ्या. साधारण सातव्या आठवड्यापर्यंत जी माणसाची सवय होते ती टिकते. आठ आठवड्यांच्या आत देऊ नका, कितीही मागणी आली तरी. आईकडून ती चावायचं किती, थांबायचं कधी हे त्याच काळात शिकतात. जमेल तिथे जोडी द्या.

पाजत असतानासुद्धा मांजर पुन्हा गाभण राहू शकते, हे पुष्कळांना माहीत नसतं. तिला बाहेर सोडू नका आणि दूध आटलं की व्हेटला विचारून नसबंदी करून घ्या. पिल्लांसाठी फोनवर फोन येतात, आईला कुणीच विचारत नाही, आणि मला याचा फार त्रास होतो. एवढं सगळं तिनं केलेलं असतं. आता मी पिल्लांच्या फोटोंआधी तिचा फोटो टाकतो, ती कशी शांत आहे, ट्रे कसा वापरते, मांडीवर कधी येते हे सविस्तर लिहितो. मागच्या खेपेला एका घरानं आई आणि एक लेक दोघींना नेलं. कुणी मोठ्या मांजरींना घरं मिळवून दिली असतील तर कशी, ते जरूर लिहा. सध्याची आई अजून माझ्याकडेच आहे.