मदत हवी आहे : पस्तिशीतला डिफेन्सिव्ह टॅकल कधी घ्यावा?

नमस्कार मंडळी. मी अमेरिकन फुटबॉलमधल्या (NFL) फिलाडेल्फिया ईगल्स संघाचा चाहता. २०२२चा नोव्हेंबर अजून डोक्यातून जात नाही. आमचा डिफेन्सिव्ह टॅकल (बचाव फळीच्या मध्यभागी उभा राहणारा धिप्पाड खेळाडू) जॉर्डन डेव्हिस घोटा दुखावून बाहेर, मधली फळी उघडी पडलेली, आणि सलग ८ सामने जिंकलेला आमचा संघ घरच्या मैदानावर वॉशिंग्टनकडून हरला. त्याच आठवड्यात ३४ वर्षांचा लिनवल जोसेफ आणि ३५ वर्षांचा एन्डामुकन सू हे दोन डिफेन्सिव्ह टॅकल आमच्याकडे करारावर आले. दोघेही तोवर कुठल्याच संघाशी करार नसल्याने मोकळेच बसले होते! पुढे संघ ‘सुपर बोल’पर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत पोचला.

किमान पगाराचा एक वर्षाचा करार असेल तर ४ किंवा जास्त हंगाम झालेला खेळाडू सॅलरी कॅपमध्ये (संघाच्या एकूण पगारखर्चाच्या मर्यादेत) २ हंगामवाल्याच्या किमान पगाराच्या दराने मोजला जातो, म्हणजे स्वस्त पडतो, एवढं मला कळतं. मग अशांना मार्चमध्ये, नवे करार सुरू होतात तेव्हाच का उचलत नाहीत? हंगामाचे १७ सामने शरीर टिकणार नाही, ही भीती असते का?

आणि वयस्क नोज टॅकलमध्ये (अगदी मधोमध, चेंडूसमोर उभा राहणारा टॅकल) नेमकं काय बघायचं? सॅक (चेंडू फेकणाऱ्याला फेकण्याआधीच पाडणं) त्याच्या नावावर फारसे नसतातच. समोरचे दोन ब्लॉकर (वाट अडवणारे खेळाडू) अंगावर घेऊन जागा न सोडणं कुठल्या आकड्यात दिसतं? जुने सामने दाखवून कोणी समजावणार असेल, तर रात्र जागायची माझी तयारी आहे.