बाराबंदी : बंद किती, आणि 'घालायची' की 'नेसायची'?

प्रश्न

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी शिवकाळावरचं छोटं नाटक लिहिते आहे. बाराबंदी या अंगरख्यासारख्या कपड्याच्या एका वाक्यावर अडले आहे : 'शेला आवळला, बाराबंदी नेसली आणि गडी निघाला.' 'नेसली' कानाला खटकतं, पण त्याजागी 'घातली' की 'बांधली', ते ठरत नाही. शिवाय मुलांनी विचारलं, 'बंदी म्हणजे मनाई ना? मग बारा गोष्टींची मनाई का?' त्यांना नीट उत्तर द्यायचं आहे.

उत्तर

ताई, मुलांचा प्रश्न चांगला आहे, आधी तोच घेऊ. इथली 'बंदी' मनाईची नव्हे. मूळ शब्द 'बंद', म्हणजे कपडा आवळायची कापडी नाडी. बाजूबंद, कमरबंद, पायबंद यांतला 'बंद' तोच. फारसीतून आलेला हा शब्द आपल्या संस्कृत 'बंध'चा भाऊबंदच आहे. बारा बंद जिला आहेत ती बाराबंदी. नऊ वारांची ती नऊवारी, तीन पेडांची ती तिपेडी, तशीच ही घडण. नऊवारी म्हटलं की 'साडी' वेगळं म्हणावं लागत नाही. बाराबंदीचंही तसंच झालं आणि विशेषणाचं नाम झालं. शब्द स्त्रीलिंगी, अनेकवचन बाराबंद्या. लिहिताना 'रा'चा काना सोडू नका. 'बारबंदी' लिहिलंत तर वाचणाऱ्याला २००५ सालची डान्सबारवरची बंदी आठवेल.

आता क्रियापद. मराठीत कपड्याच्या जातीवर क्रियापद ठरतं आणि मला ही आपल्या भाषेची फार मोठी श्रीमंती वाटते. न शिवलेलं, कमरेभोवती गुंडाळायचं ते नेसतात : धोतर, लुगडं. शाल पांघरतात, उपरणं खांद्यावर घेतात, पागोटं दर वेळी नव्याने बांधतात. पगडी मात्र आधीच बांधून तयार असते, म्हणून ती घालतात. बाराबंदी शिवलेली, बाह्यांची, अंगात चढवायची. म्हणून 'घातली' किंवा 'अंगात चढवली'. बांधायचे ते तिचे बंद. तुमच्या वाक्यात क्रमही बदला, शेला बाराबंदीवरून आवळतात : 'बाराबंदी चढवली, बंद बांधले, शेला आवळला आणि गडी निघाला.'

बारा हा आकडा मात्र मी शब्दशः घेणार नाही. बारा गावचं पाणी प्यायलेल्याने गावं मोजलेली नसतात. बाराभाईंच्या कारस्थानातही नेमके बाराच जण होते असं नाही. 'पुष्कळ बंदांची' एवढाच अर्थ असावा.

दुसरं उत्तर

क्रियापदाचं अगदी पटलं. आकड्याचं नाही. मी सोलापूरचा आहे, आणि आमच्याकडे बाराबंदी ही इतिहासातली वस्तू नाही, दर संक्रांतीला ती अंगावर चढते. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात. ते पेलणारे आणि त्यांच्या मागेपुढे चालणारे हजारो भक्त पांढरी बाराबंदी आणि पांढरं धोतर अशा वेशात असतात. आधी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, मग सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळा, त्यानंतर होम. घरात मराठी बोलत असोत, कानडी की तेलुगू, शब्द एकच : बाराबंदी.

आमच्या घरातल्या बाराबंदीचे बंद मी लहानपणापासून बांधत आलो आहे. दोन बंदांची एक गाठ, अशा सहा गाठी. एक पदर छातीवरून आडवा जाऊन आतल्या बाजूला बांधला जातो, दुसरा त्याच्यावरून येऊन बाहेर. आतले बंद बघणाऱ्याला दिसत नाहीत, म्हणून बाहेरून मोजणाऱ्याला आकडा कमी भरतो आणि बारा ही अतिशयोक्ती वाटते. बाराखडीतले बारा जसे खरे, तसेच हेही. आजोबा आतल्या गाठी आधी मारायला लावत. त्या सैल राहिल्या की नंदीध्वज पेलताना सगळा कपडा वर सरकतो.

ताई, शिंप्याकडे टाकणार असाल तर बटणं लावून वर शोभेचे बंद शिवू देऊ नका. बंदांचा कपडा अंगाप्रमाणे सैल-घट्ट करता येतो, वाढत्या मुलालाही दोन-तीन वर्षं पुरतो. आणि बंडी म्हणजे बाराबंदी नव्हे. बंडी सहसा बिनबाह्यांची असते. कपडेपटवाले दोन्ही एकाच नावाने देतात.

पहिल्या उत्तरकर्त्याकडून

आतल्या बंदांचा विचारच मी केला नव्हता. बारा म्हणजे बाराच, माझं वरचं म्हणणं मागे घेतो. यावरून आठवलं : मुघल दरबारात जाम्याचे, म्हणजे घोळदार अंगरख्याचे, बंद मुसलमान उजव्या बाजूला आणि हिंदू डाव्या बाजूला बांधत. जुन्या चित्रांतली माणसं ओळखताना जाणकार आजही ही खूण पाहतात. ताई, नाटकात दरबाराचा प्रवेश असेल तर तिथल्या पात्रांना हे उपयोगी पडेल.

प्रश्नकर्तीकडून

दरबाराचा प्रवेश आहे, तेव्हा बंदांची बाजू आता पाहून घेईन. वाक्य तुम्ही सुचवलंत तसं बदललं. एका मुलाला रंगमंचावरच बाराबंदी घालायची आहे, संवाद म्हणत म्हणत सहा गाठी मारायच्या आहेत. उद्यापासून आधी आतल्या गाठींचा सराव.