एका कल्पनेभोवती घर सजवताना: बेळगाव सीमाभागातील अनुभव

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील घरांमध्ये एखादी कल्पना धरून समारंभ सजवण्याची रीत नवी नाही. डोहाळजेवणात नाव, झोपाळा किंवा फुलांची वाडी मांडली जाते, चैत्रगौरीपुढे कलिंगडाची कमळे कापून आरास केली जाते, बोरन्हाणात बाळाला काळे झबले आणि हलव्याचे दागिने घातले जातात आणि दिवाळीत अंगणात किल्ला उभा राहतो. या प्रत्येक प्रसंगी सजावट, पदार्थ आणि पोशाख एकाच कल्पनेतून निघतात. अलीकडे घरोघरी ओव्हन आले, वाढदिवसाची ‘थीम’ ठरू लागली आणि फुगे, पडदे, फलक असे तयार सामान भाड्यानेही मिळू लागले. माझे ठाम मत असे आहे की, घरात असलेल्या वस्तूंतून आणि गावात पिकणाऱ्या, विणल्या जाणाऱ्या जिनसांतून उभी राहिलेली कल्पना या तयार सामानापेक्षा फार वरची असते. आपल्या सीमाभागात तर मराठी आणि कानडी अशा दोन्ही घरांचे कसब हाताशी आहे. तेव्हा आपण केलेल्या अशा समारंभांविषयी सविस्तर लिहावे. कल्पना कोणती होती, काय शिजवले किंवा भाजले, अंगावर काय होते, हे प्रमाण आणि कृतीसह आल्यास इतरांना ते करून पाहता येईल. सुरुवात मी करते.

टिळकवाडी, बेळगाव

आमची सून धारवाडची आहे. तिच्या माहेरचे सीमंत आणि आमच्याकडचे डोहाळजेवण दोन्ही घरांनी मिळून एकाच दिवशी करायचे ठरले, तेव्हा विहीणबाईंनी कसुतीची, म्हणजे धारवाडकडच्या पारंपरिक भरतकामाची, कल्पना सुचवली आणि ती सर्वांनी उचलून धरली. कसुतीत कापडावर आधी नक्षी छापत नाहीत. कापडाचे धागे मोजून टाका घालतात. गवंती आणि मुरगी हे टाके कापडाच्या दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, नेगी विणल्यासारखा दिसतो आणि मेंथी हा फुलीचा टाका असतो. मोजून काढण्याची नक्षी असल्याने ती आलेखाच्या कागदावर जशीच्या तशी उतरते. घरातल्या मुलांनी गोपूर, रथ, तुळशीवृंदावन, हत्ती आणि मोर असे कागदावर काढले आणि तेच कागद दोऱ्यात ओवून बैठकीच्या खोलीत लावले. सजावटीसाठी बाहेरून काहीही आणावे लागले नाही.

केकची कल्पना चंद्रकळेवरून सुचली. धारवाडकडे नववधूच्या साड्यांमध्ये कसुती काढलेली काळी चंद्रकळा असावी, अशी जुनी रीत आहे. त्यामुळे काळपट चॉकलेटच्या थरावर पांढरी नक्षी काढायची ठरली. २०० ग्रॅम गडद चॉकलेटला १०० मिलिलिटर गरम क्रीम, असे प्रमाण घेतले की लेप गुळगुळीत बसतो आणि फ्रीजमध्ये ठेवल्यावर घट्ट होतो. लेप पुरता घट्ट झाल्यावर नक्षीचा कागद त्यावर हलकेच ठेवून प्रत्येक कोपऱ्यावर टाचणीने टिंब उमटवले. मग पिठीसाखरेत थेंब थेंब दूध घालून केलेला दाटसर लेप बटर पेपरच्या कोनात भरला आणि विहीणबाईंनी कोन हातात घेतला. त्यांनी सलग रेघ ओढली नाही. गवंतीत सुई जशी एक टाका घेत आणि एक सोडत पुढे जाते आणि परतताना सुटलेल्या जागा भरते, तशीच त्यांनी केकवर एक रेघ घेतली, एक सोडली आणि गोपुराच्या टोकाला पोहोचल्यावर मागे वळून मधल्या जागा भरल्या. त्यामुळे प्रत्येक रेघ सारख्या लांबीची आली आणि कोपरे नेमके जुळले. केकवर नक्षी काढणाऱ्या प्रत्येकाने ही पद्धत जरूर करून पाहावी.

सूनबाईंना हिरवी इरकल नेसवली होती आणि दागिने मोगऱ्याच्या कळ्यांचे होते. ओटी भरताना दोन्ही भाषांतली गाणी झाली. जेवणात आमच्याकडचा वरणभात आणि त्यांच्याकडची एण्णेगाई (भरली वांगी), ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी असा बेत होता.

अनगोळ, बेळगाव

मी घरून केक करून देतो आणि माझ्याकडे सर्वाधिक विचारणा होते ती कुंद्याच्या केकची. कुंदा ही बेळगावची ओळख असली, तरी तो केकवर सरसकट पसरणे योग्य नव्हे. आटवलेल्या दुधाचा रवाळपणा आणि खरपूस साखरेचा रंग हे कुंद्याचे वैशिष्ट्य आहे. बाहेरून लावल्यास तो सुकतो आणि कापताना चुरा होतो. त्याची जागा दोन थरांच्या मध्ये आहे. २०० ग्रॅम कुंद्यात तीन-चार चमचे कोमट दूध घालून तो चमच्याने मोकळा करावा, घोटून त्याचा रवा मोडू नये. केकच्या थरातील साखर नेहमीपेक्षा पाव हिश्शाने कमी घ्यावी आणि बाहेरचे फेटलेले क्रीम बिनसाखरेचे ठेवावे, म्हणजे कुंद्याची चव झाकली जात नाही. वरून भाजलेल्या काजूचे तुकडे शोभतात. हा केक फ्रीजमध्येच ठेवावा आणि दोन दिवसांत संपवावा.

एका ओळखीच्या कुटुंबाने आजोबांच्या पंचाहत्तरीला ‘बेळगावची न्याहारी ते बेळगावचे गोड’ असा बेत आखला होता. त्यांनी प्रत्येक पदार्थाशेजारी तो गावात कोणत्या भागातून आणला याची चिठ्ठी हाताने लिहून ठेवली होती. त्या चिठ्ठ्या वाचताना वयस्क पाहुणे एकमेकांना जुन्या गल्ल्यांच्या खुणा सांगत बसले. खर्च फार नव्हता, पण तयारी मनापासून केलेली होती.

शहापूर, बेळगाव

मी निवृत्त चित्रकला शिक्षक आहे. बेळगावातील शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कल्पनेभोवती देखावा उभा करणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. आमच्या गल्लीतील मुले लहानपणापासून ते पाहत आणि करत आली आहेत. नातवाचा वाढदिवस दिवाळीला लागून येतो, म्हणून आम्ही किल्ला मोडला नाही आणि वाढदिवसही त्याच किल्ल्यावर साजरा केला. येळ्ळूरचा राजहंसगड नजरेसमोर ठेवून दगड-विटांचा आधार रचला, त्यावर लाल मातीच्या काल्यात भिजवलेले गोणपाट पसरले आणि चार-पाच दिवस आधी अळीव आणि मोहरी पेरून उतार हिरवे केले.

केकही गडाचाच केला. गडासाठी हलका स्पंज घेऊ नये, कारण तो वरचे बुरूज पेलत नाही. लोणी, साखर, मैदा आणि अंडी समान वजनात घेतलेला भरीव केक आदल्या दिवशी भाजून पूर्ण गार करावा आणि मगच कापावा. तटबंदी नानकटाईच्या पिठाची केली. दोन वाट्या मैदा, एक वाटी पिठीसाखर आणि साधारण एक वाटी तूप मळून जाडसर लाटले, पट्ट्या कापल्या आणि भाजण्यापूर्वी त्या अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवल्या. थंडाव्यामुळे तूप लगेच वितळत नाही आणि कडा धारदार राहतात.

मुलांना तयार पोशाख आणू नयेत, अशी आम्ही विनंती केली होती. सूनबाईंनी माझ्या जुन्या धोतरांतून बाराबंद्या शिवल्या. बाराबंदीला बटणे लागत नाहीत, बंद बांधले की झाले, आणि लहान मुलाला तीच सर्वांत सोयीची पडते.

कॅम्प, बेळगाव

आमचे शेजारी मूळ गोव्याचे. नाताळात त्यांच्याकडून नेवऱ्या, कलकल आणि दोदोल या गोड पदार्थांचे ताट येते आणि दिवाळीत आमच्याकडून फराळाचे जाते. गेली काही वर्षे दोन्ही घरांतील मुली नाताळच्या केकसाठी लागणारा सुकामेवा एकत्र बसून चिरतात आणि संत्र्याच्या रसात भिजवतात. रस मुरलेला मेवा केकमध्ये घालण्यापूर्वी निथळून थोड्या मैद्यात घोळवावा. त्यामुळे तो तळाशी बसत नाही. त्या दिवशीची बैठकच आम्हाला समारंभासारखी वाटते.

खानापूर

खानापूरची माती आणि इथली कुंभारकला सर्वश्रुत आहे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची मध्यवर्ती ग्रामीण कुंभारकाम संस्थाही इथेच आहे. त्यामुळे मुलीच्या वाढदिवसासाठी ‘माती’ ही कल्पना ठरवताना आम्हाला फार विचार करावा लागला नाही. मुलांनी सकाळी मातीच्या पणत्या आणि बैल केले आणि दुपारी मातीच्या भांड्यात भाजलेला नाचणीचा केक खाल्ला.

प्रमाण असे: नाचणीचे पीठ एक वाटी, कणीक एक वाटी, किसलेला गूळ एक वाटी, दही एक वाटी, पातळ केलेले लोणी अर्धी वाटी, बेकिंग पावडर एक चमचा आणि सोडा अर्धा चमचा. नाचणीत ग्लुटेन नसल्याने नुसत्या नाचणीचा केक भुसभुशीत होऊन मोडतो, म्हणून निम्मी कणीक आवश्यक आहे. गूळ दह्यात विरघळवून घ्यावा आणि पीठ लागेल तसे दूध घालून सैलसर करावे. गुळामुळे रंग लवकर चढतो. १७० अंशांपेक्षा अधिक तापमान ठेवू नये. बिनझिलईचे मातीचे भांडे तासभर पाण्यात भिजवून, पुसून, आतून तूप लावावे आणि थंड ओव्हनमध्ये ठेवून मगच ओव्हन सुरू करावा. तापलेल्या ओव्हनमध्ये ते एकदम ठेवल्यास तडकण्याची भीती असते.

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील रताळी उकडून त्यांचा गर याच पिठात अर्धी वाटी घातल्यास केक दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो.

संकेश्वर

आमचे शेजारी कानडी शेतकरी कुटुंब आहे. आपली कोजागिरी तीच त्यांची शीगी हुण्णिवे. त्या दिवशी ते शेतात जाऊन पिकाची पूजा करतात आणि चरग टाकतात, म्हणजे शेतात नैवेद्य शिंपतात. रात्री मात्र दोन्ही घरे आमच्या गच्चीवर जमतात. त्यांच्याकडे चांदण्यातल्या जेवणाला बेळदिंगळ ऊट म्हणतात. मागील कोजागिरीला आम्ही सर्व काही पांढरे ठेवले होते: कपडे पांढरे, चादरी पांढऱ्या, रांगोळी पांढरी आणि पानातही ज्वारीची भाकरी, बेळगावी बासमतीचा दहीभात, ओल्या नारळाची वडी आणि आटीव दूध. विजेचा एकही दिवा लावला नाही. शेजारच्या अक्कांनी संकेश्वरी मिरचीचा ठेचा आणला आणि पांढऱ्या पानात तेवढाच एक तांबडा रंग उठून दिसला. तो आम्ही आनंदाने वाढून घेतला.

पुरुषांना पांढरे धोतर किंवा लेंगा आणि सदरा, स्त्रियांना पांढरी सुती साडी, असे आधी सांगून ठेवल्याने कोणालाही नवे कापड घ्यावे लागले नाही. अशा बोलावण्यात घरात निघेल असाच रंग सांगावा, हे मला महत्त्वाचे वाटते.

निपाणी

पुतणीच्या केळवणाला आम्ही एकच अट घातली होती: प्रत्येकाने आपल्या परिसरात तयार झालेली एक तरी वस्तू अंगावर घालून यावे. कोणी शहापुरी साडी नेसून आले, कोणी इरकल काठाचा सदरा शिवून घेतला आणि बहुतेकांच्या पायांत कोल्हापुरी चपला होत्या. या चपलांना २०१९ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील बेळगावसह चार जिल्हे आहेत. निपाणी आणि अथणी भागातील कारागिरांचा त्यात मोठा वाटा आहे, हे अनेक पाहुण्यांना त्या दिवशी प्रथमच कळले. पुतणीनेही लग्नातील चपला येथील कारागिराकडून मापाने करून घेतल्या.

वडगाव, बेळगाव

आम्ही विणकर घरातले आहोत. शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत मागांचा आवाज अजून येतो, पण तो पूर्वीइतका राहिलेला नाही, म्हणून वेशभूषेविषयी चाललेले हे लेखन मी आस्थेने वाचते आहे. जुन्या साड्यांचे पोशाख शिवण्याची आवड वाढली आहे आणि तिचे मी स्वागत करते. मात्र धड असलेली साडी कापू नये. ती नेसावी. कापायची असेल तर आधी उजेडासमोर धरून पाहावी. वर्षानुवर्षे एकाच घडीवर ठेवलेले रेशीम त्या घडीच्या रेषेवर विरते आणि तसे कापड अंगाबरोबर बसणाऱ्या पोशाखात शिवणीजवळ फाटते. त्याचा उपयोग ओढणी, पडदा किंवा अस्तर लावलेल्या जाकिटासाठी करावा.

इरकलीविषयी विशेष सांगते. तिच्या रेशमी पदराचा ताणा आणि अंगाचा ताणा फासे घालून जोडलेले असतात; अशा जोडाच्या, म्हणजे टोपतेनी, पदराचे सौंदर्य त्या जोडासकट आहे. पदर वेगळा कापून उशीचे अभ्रे केलेले मी पाहिले आहेत आणि मला ते पाहवत नाही.

टिळकवाडी, बेळगाव

आपले म्हणणे पटले. आता बाळाच्या बोरन्हाणाला खणाचे झबले शिवावे, असे आमच्या विहीणबाईंच्या मनात आहे. तान्ह्या बाळाला ते सोसेल का, हे कृपया कळवावे.

वडगाव, बेळगाव

गुळेदगुड्डचा पारंपरिक खण चोळीसाठी विणलेला असल्याने पन्हा अरुंद असतो, तेव्हा बाळाच्या मापाला तो बेताचा पुरतो आणि दोन्ही काठ झबल्याच्या घेराला वापरता येतात. आतून मऊ जुन्या सुती साडीचे अस्तर लावावे, म्हणजे विणीचे उठाव बाळाला टोचणार नाहीत. खण आधी वेगळ्या पाण्यात भिजवून रंग सुटतो का, ते पाहून घ्यावे आणि मगच बेतावा. गळ्याला बटण न लावता मऊ बंद लावावेत. कडेने उरलेल्या पट्ट्या टाकू नयेत. त्रिकोणी घड्या घालून त्यांचे तोरण उत्तम होते.